दुसऱ्या कडव्यातली टर्रर्र

“गेली, आजोबा! टर्रर्र गेली, कायमची!” नातीने जाहीर केलं आणि पियानोच्या पोटातून आत्ताच उपसून काढलेली बोटभर पेन्सिल ऐटीत अंबाड्यात खोचली.

आजोबांनी पट्टी दाबून पाहिली. स्वच्छ, गोल सूर! या स्टुडिओतला बेबी ग्रँड पियानो सुरात लावता लावता त्यांचे केस पिकले होते, पण एका पट्टीमागची ती टर्रर्र काही त्यांना सापडली नव्हती. तारांखाली शिरेल असा बारीक हातच नव्हता ना त्यांचा!

“शाब्बास, पोरी!”

तेवढ्यात रेकॉर्ड कंपनीच्या बाई आल्या. स्टुडिओ बंद होत होता. बाई हो म्हणाल्या, तर पियानो त्यांच्या नव्या स्टुडिओत वाजत राहणार होता. नाही म्हणाल्या, तर हॉटेलवाल्याचा टेम्पो दारात उभाच होता. त्याला फुलदाण्या ठेवायला काहीतरी जुनं, काळं आणि चकचकीत हवं होतं.

बाईंनी जुनी तबकडी लावली. “दुसरं कडवं ऐका हं.”

गाणारीने श्वास घेतला, आणि मागून पियानो... टर्रर्र.

“हीच त्याची खूण! आमच्या सगळ्या जुन्या गाण्यांत आहे. ही नसली तर पियानो तो नव्हेच. वाजव गं.”

नातीने पट्टी दाबली. सूर इतका निर्मळ निघाला की तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

“अरेरे,” म्हणत बाईंनी पर्स उचलली.

“माझी शाब्बासकी परत दे आधी,” आजोबा पुटपुटले.

“एक मिनिट, मॅडम! जाऊ नका!” नातीने पेन्सिल ओढली. केस भसकन तोंडावर आले. तशीच ती कोपरापर्यंत पियानोत शिरली.

“डावीकडे, गधडे. फळीच्या कडेला सरकव.”

“सरकवतेय हो!”

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दुसरं कडवं वाजवलं.

टर्रर्र. अगदी तिथेच.

बाई हसत सुटल्या, ते थेट डोळे पुसेपर्यंत. मग त्यांनी आजोबांपुढे कागद सरकवला. “घेतला! काय काय दुरुस्त केलंत, तेवढं लिहा.”

आजोबांनी सवयीने हात पुढे केला. “पेन्सिल दे गं.”

“ती कुठली मिळायला, आजोबा?” नात केस मागे सारत म्हणाली. “ती कामावर आहे.”