फ्लेक्सवरचा फोटो

कारेगावजवळच्या आमच्या वाडीत करिश्मा आणि रुबीनं सरपंच सोपानरावांच्या विरोधात नवा पक्ष काढला. पण सोपानरावांच्या धाकानं आठवडाभर एकही सदस्य मिळेना. शेवटी दोघींनी चौकात पक्षाचा फ्लेक्स लावायला सांगितला. फ्लेक्सवाल्यानं मात्र सवयीनं वरती सोपानरावांचाच हसरा फोटो छापला.

“अगं करिश्मा, हसं झालं की आपलं!” म्हणत रुबी फ्लेक्स उतरवायला धावली, तर खाली फॉर्म भरायला ही भलीमोठी रांग! सरपंचच नव्या पक्षात गेले, असं समजून अख्खी वाडी लोटली होती.



संध्याकाळी सोपानराव आले आणि हळूच म्हणाले, “करिश्माताई, समदी इकडं आल्यावर मी एकटा तिकडं काय करू? द्या एक फॉर्म.”