उजव्या रकान्यातले शब्द

"हे बाकडं माणसासाठी हाय का?" संभाजी निकिताच्या कानाशी पुटपुटला. त्याचे गुडघे बालवर्गाच्या बाकात असे अडकले होते, की उठायचं तर बाकासकटच उठावं लागलं असतं.

"हळू बोला," निकिता म्हणाली. "मॅडमना ऐकू जाईल."

बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर नीरजा मॅडमची खोली. आठवडाभर तिथे लहान मुलं शिकायची आणि रविवारी सकाळी त्याच बाकांवर त्यांचे आईबाप. शाळेत प्रवेश द्यायच्या आधी पालकांशी बोलतात. त्याला मुलाखत म्हणायचं नाही, इंटरॅक्शन म्हणायचं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिथे एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या मुलाचं वर्णन करा. तीन विशेषणं, इंग्रजीत, न अडखळता.

मॅडमच्या कागदावर दोन रकाने होते. डावीकडे आपण घरी म्हणतो ते, उजवीकडे शाळेत सांगायचं ते.

"हट्टी," पुढच्या बाकावरून आमोदचे वडील म्हणाले.

मॅडमनी जरा विचार केला. "डिटरमिन्ड."

"सारखा रडतो हो."

"सेन्सिटिव्ह."

"चावतो."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला?"

"शेजाऱ्यांना."

"एक्स्प्रेसिव्ह. आणि शनिवारपर्यंत शेजाऱ्यांना घरी बोलावू नका."

सगळे हसले. निकिताही हसली, पण बोट वहीवरच ठेवून. तिचंही इंटरॅक्शन शनिवारीच होतं. आठवडाभर पोळ्या लाटताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, ती तोंडातल्या तोंडात शब्द घोळवत होती. कोपऱ्यातल्या सतरंजीवर आमोद खेळत होता आणि त्याच्याशेजारी तिची राजनंदिनी, चार वर्षांची, खडूचे तुकडे एका ओळीत लावत बसली होती.

"हं, राजनंदिनीचे आईवडील. कशी आहे मुलगी?"

"शांत हाय," संभाजीने सांगून टाकलं.

"कम्पोज्ड."

"हाक मारली तरी वळून बघत नाही," निकिता म्हणाली.

"तिच्या नादात असते," संभाजी घाईने म्हणाला.

"फोकस्ड."

"काही मागत नाही. हाताला धरून नेते आणि दाखवते."

"इंडिपेंडंट."

निकिताने तिन्ही शब्द लिहून घेतले. आमोदसाठी मॅडमना विचार करावा लागला होता. राजनंदिनीचे शब्द तयार होते, कुणीतरी आधीच शोधून ठेवल्यासारखे.

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. खिडकीच्या काचा थडथडल्या. कुणाचं तरी पेन खाली पडलं. आमोद दोन्ही कान दाबून बापाकडे पळाला.

राजनंदिनी दचकली नाही. तिने आणखी एक खडू ओळीत लावला. मग सतरंजी बाजूला सारून फरशीवर दोन्ही तळहात टेकले, त्यांवर गाल ठेवला आणि गालातल्या गालात हसली.

सगळ्यांनी पाहिलं. मग सगळ्यांनी आपापल्या कागदात पाहिलं.

"चला, उभ्या राहा," मॅडम गिरणीच्या आवाजावर आवाज काढून म्हणाल्या. "मी मुख्याध्यापिका. टेल मी अबाउट युअर डॉटर."

निकिता उभी राहिली. मांडीवरची पर्स घसरली, ती तिने पोटाशी धरली. पर्सच्या आतल्या कप्प्यात डॉक्टरांची चिठ्ठी होती. कानाच्या तपासणीची तारीख उलटून महिना झाला होता. "आमचा संभाजी तरी कुठं बोलत होता पाच वर्षांचा होईस्तोवर," असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि तो विषय त्या कप्प्याच्या चेनबरोबर बंद झाला होता. चिठ्ठीवरचा एक इंग्रजी शब्द निकिताने त्या रात्री मोबाईलवर शोधला होता. तो पाठ करावा लागला नाही.

"माय डॉटर इज कम्पोज्ड."

"आवाज वाढवा."

"शी इज फोकस्ड."

"छान. आणि?"

निकिताने सतरंजीकडे पाहिलं. बाकावरून संभाजीने सुचवलं, "इंडिपेंडंट. अगं, इंडिपेंडंट."

गिरणी बंद झाली.

फरशीची थरथर थांबली तशी राजनंदिनीने गाल उचलला. तिने फरशीवर एकदा चापट मारून पाहिली. मग मान वर करून सरळ आईकडे बघितलं, हे आईनेच बंद केलं असावं अशा नजरेने.

"तिसरं, निकिता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"शी इज डेफ."

मॅडमनी चष्मा काढला. पुढच्या बाकावरचं कुणीही मागे वळलं नाही.

संभाजीने कागद जवळ ओढला. आधी उजवा रकाना बोटाने वरपासून खालपर्यंत बघितला, मग डावा. "हा कुठाय?" तो म्हणाला. "ह्यात न्हाई हा. म्हंजे काय?"

निकिताने वही मिटली. तो उठायला गेला, तसा बाकही त्याच्याबरोबर उचलला गेला, आणि तो अर्धवट वाकून तिच्याकडे बघत राहिला.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या राजीला ऐकू येत नाही."