जास्तीचे बावीस घोडे

गाडीची ताकद मोजणारे रोलर थांबले तेव्हा देआनाला वाटलं, आकडा चांगला आला. दोनशे बासष्ट. तिच्या वडिलांच्या लाल गाडीच्या कागदावर तर दोनशे चाळीसच अश्वशक्ती लिहिली होती. जास्त निघाली म्हणजे बरंच की! पण गॅरेजमध्ये जमलेल्यांपैकी एकानेही टाळी वाजवली नाही.

मोदेनाजवळच्या कारखान्याने एकाच नावाने काढलेल्या स्पोर्ट्स कारच्या तीन पिढ्या त्या सकाळी लेआच्या गॅरेजात ओळीने उभ्या होत्या; लाल गाडी त्यांतली सगळ्यात जुनी. एकेक गाडी रोलरवर चढवायची, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि लेआने फळ्यावर खडूने लिहायचं, कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती. नव्या गाडीचे पाचशेच्या पाचशे घोडे भरले. तिचं कुणाला कौतुक नव्हतं. मधल्या पिढीचे दोनशे सत्तर सांगून दोनशे एकोणपन्नास निघाले, तरी मालक नुसता हसला. कागदावरून उतरताना जुने घोडे थोडे पळतातच, हे तिथे सगळे धरून चालतात. वाढलेले मात्र कुणी पाहिले नव्हते.

“घोड्या व्यायल्या वाटतं तुमच्या!” मागून कुणीतरी म्हणालं.

गॅदिनी हसला नाही. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे की नाही, हे ठरवणारा तो इंजिनिअर. त्याची सही झाली की गाडी गावच्या संग्रहालयात जाणार होती, देआनाच्या वडिलांच्या, डॉक्टर फोर्तीनींच्या नावाच्या पाटीसकट.

“टॉर्कही तसाच,” तो म्हणाला. “बापापेक्षा आजोबा जास्त ओढतोय. बाई, या इंजिनाला कुणीतरी हात लावलाय.”

“म्हणजे?”

“उघडून आतलं बदललंय. अशी गाडी नाही ठेवता येत संग्रहालयात.”

“बाबांनी?”

देआनाला काही म्हणता काही कळेना. घोडे म्हणजे काम किती झपाट्याने उरकतं ते, आणि टॉर्क म्हणजे किती जोराने ओढतं ते, एवढं लेआने तिला सकाळीच समजावलं होतं. पण दोन्ही वाढले म्हणून बाबा लबाड ठरतात, हे कुठलं गणित? पत्ते खेळताना समोरच्याची पानं चुकून दिसली तर डाव मोडून पुन्हा वाटायला लावणारे बाबा! तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

“लेआ, दिवा दे साहेबांना,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला.

तो एर्मेस, लेआचा बाप. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. तीस वर्षं त्याने त्याच कारखान्यात नवी इंजिनं तपासली होती, आणि लाल गाडीच्या कागदावर सही त्याचीच होती.

“खाली बघा. माझं शिसं आहे का?”

तपासलेल्या इंजिनाच्या पोटाला बोल्टांतून तार ओवायची, तारेवर शिशाचा गोळा दाबायचा आणि गोळ्यावर तपासणाऱ्याचा ठसा मारायचा, अशी तिथली रीत होती. तार तोडल्याशिवाय इंजिन उघडत नाही. गॅदिनी दिवा घेऊन गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा कोपर धुळीने माखलं होतं आणि चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होतं.

“आहे. तार शाबूत आहे.”

“मग उघडलंय कुठे?”

“अहो, मग हे बावीस घोडे आले कुठून?”

“पहिल्यापासून होते. तेव्हाही बासष्टच निघाले होते. कागद खोटा आहे.”

“कागदावर तुमची सही आहे, एर्मेसकाका!”

“सही खरी आहे.”

एर्मेसने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“एखादं इंजिन असं सरस निघालं की वरचे साहेब ते काढून न्यायचे. पत्रकारांना चालवायला देतात ना, त्या गाडीत बसवायचे. हे डॉक्टरांच्या गाडीचं होतं. बासष्ट लिहिलं असतं तर गेलं असतं. चाळीस लिहिलं.”

“मला हे नोंदवावं लागेल,” गॅदिनी हळू आवाजात म्हणाला. “तुमच्या सहीचे कागद लोकांनी फ्रेम करून भिंतीवर लावलेत. उद्या सगळ्यांवर शंका घेतील.”

“घेऊ देत. नोंदवा.”

“पण का, काका?” देआनाने विचारलं.

एर्मेसने लेकीकडे पाहिलं. “ही पाच वर्षांची होती. छाती भरली होती हिची. आम्ही आशा सोडली होती. डॉक्टर धुक्यातून सायकल मारत यायचे. अकरा दिवस आले.”

लेआ खडू हातात धरून उभी होती. आजारपणाचं तिला माहीत होतं. कागदाचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“म्हणून बावीस घोडे, बाबा?”

“रोजचे दोन पडले.”

गॅदिनीने गाडीच्या टपावरच कागद ठेवून संग्रहालयासाठी सही केली. देआना त्या सहीकडे पाहत राहिली. बाबा सुटले होते, तरी तिच्या डोक्यातला गुंता सुटत नव्हता.

“बाबांना ठाऊक होतं?”

“छे! सांगितलं असतं तर गाडी परत केली असती त्यांनी.”

“पण काका, बाबा तर कधी ऐंशीच्या वर गेलेच नाहीत!”

“मला सांगतेस?” म्हातारा म्हणाला. “चाळीस वर्षं त्यांच्या मागे अडकलोय मी त्या रस्त्यावर. हॉर्न नाही वाजवला कधी.”