डावा खांब

स्ट्रक्चरल इंजिनिअर हेमानं उजवा खांब दोन्ही हातांनी धरून वळवला. तो अलगद फिरला. डावा जागचा हलेना.

आखातातल्या सनद गावच्या या नव्या मशिदीला घुमट नव्हता, नक्षी नव्हती. सपाट छप्पर, पांढरं काँक्रीट आणि काच. जुन्या पद्धतीचे होते ते एवढेच, मक्केच्या दिशेच्या कोनाड्यालगतचे दोन बारीक दगडी खांब.

"पण हे फिरायलाच कशाला हवेत?" कंत्राटदाराचा मॅनेजर शैलेंद्र म्हणाला.

आर्किटेक्ट ताहिर इस्तंबूलचे. ते इंग्रजीत सावकाश म्हणाले, "आमच्या काही जुन्या मशिदींत असतात. भार घेत नाहीत. फिरताहेत तोवर इमारत जागेवर आहे. अडकले, तर ती हलली."

शैलेंद्र मराठीवर आला. "हेमा, सेन्सरची रीडिंग ओके आहेत. शुक्रवारी पहिली नमाज आहे. थोडं ग्रीस लाव, खलास. मला आज तुझी सही हवीय."

"का अडकलाय ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. भरावाची जमीन आहे ही."

ती फरशीवर पालथी झाली. मोबाइलच्या उजेडात खांबाच्या बुडाशी केसासारखी पांढरी रेघ दिसली. तिनं किल्लीनं खरवडली. ग्राउट होतं, फटी भरायचं पातळ सिमेंट.

"ही फट कुणी बुजवली?"

कोपऱ्यात फरशी पुसणारा मिस्त्री हात झटकत उठला. संतोष. "मी, मॅडम. हाताला ढिला लागला. उद्या लोक म्हणतील, मिस्त्रीनं खांब सैल ठेवला."

शैलेंद्रनं कपाळाला हात लावला. हेमाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं आणि संतोषला सगळं समजावलं. त्यानं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पातळ पातं घेऊन अर्धा तास फट कोरत बसला. खांब सुटला, फिरला. हेमानं सही केली. कागद घेऊन शैलेंद्र फोनवर बोलत बाहेर गेला.

संतोष मात्र उठला नाही. खांब हळूहळू फिरवत राहिला.

"मॅडम, वरून भिंत धड दिसली, तरी आतून घर हाललंय हे ह्याला कळतं?"

"हो."

"आमच्या किल्लारीला भूकंप झाला तवा मी आठ वर्षांचा होतो. आता तिथंच घर बांधतोय. पोरं राहतील." त्यानं खांबावर तळवा ठेवला. "हे देवाच्याच घरी बसवायचं असतं, का माणसाच्या बी चालतं?"

हेमानं ताहिरना इंग्रजीत सांगितलं.

"साध्या घरात बसवलेला मी कधी पाहिला नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी हातातला नकाशा उलटा केला, खिशातून पेन्सिल काढली आणि फरशीवर संतोषच्या शेजारी मांडी घातली.

"त्याला विचारा, घराचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"