छातीवरची पट्टी

वृद्ध ओडेसा टॅकेट घर मोडून सामान विकत होती. व्हिएतनामच्या युद्धात पडलेल्या तिच्या पतीचे लढाऊ जाकीट लष्करी वस्तूंचा संग्राहक हार्लनने, नक्कल असल्याचे सांगून, नाममात्र किमतीत घेतले.

"नक्कल तर नक्कल, बाळा. पण छातीवरचं त्यांचं नाव उसवू नकोस. देह नाही आला, तेवढंच घरी आलं."

"देवाशपथ, मिसेस टॅकेट, नखसुद्धा लावणार नाही."

परंतु गुप्त मोहिमांवरची जाकिटे निनावी असत, म्हणून निनावीच दुर्मीळ ठरतात आणि महाग विकली जातात. हार्लनने छातीवरील नावाची पट्टी उसवून जाळली.

दुसऱ्या सकाळी ती पूर्ववत शिवलेली होती.

त्याने पुन्हा कात्री चालवली. पहिला टाका तुटताच त्याच्याच सदऱ्यावर रक्त उमटले. त्याने सदरा उघडला. हृदयावरच्या कातडीत टाक्यांची चौकट होती. एक टाका तुटलेला होता.

त्याने कात्री खाली ठेवली.

दुसरा टाका तुटला.