काळी पट्टी

“नवीन कागद आलाय, वहिनी. तेवीस पानं आहेत,” लॅपटॉप उघडता उघडता प्रबोध म्हणाला.

विनीतानं चहाचा कप त्याच्या हाताशी ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तीन महिने दर रविवारी हे असंच चाललं होतं. प्रबोध सिंगापूरच्या जुरोंग ईस्टहून मेट्रोनं यिशुनला यायचा, भावाच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडायचा आणि अमेरिकेचा कायदा वाचत बसायचा.

त्याचा मोठा भाऊ चारुदत्त जहाजावर चीफ इंजिनिअर. मार्चमध्ये जहाज टेक्ससच्या एका बंदराला लागलं आणि तासाभरात तपासनीस थेट इंजिनरूममध्ये उतरले. कुठला पाइप उघडायचा हे त्यांना आधीच ठाऊक होतं. तेलकट पाणी गाळणीतून न नेता परस्पर समुद्रात सोडणारा तो पाइप, कॅप्टनच्या हुकमानं बसवलेला. पुढे जहाज सुटलं, चारुदत्त मात्र तिथेच अडकला. पासपोर्ट कोर्टात जमा, मुक्काम एका मोटेलात, आणि डोक्यावर खटला.

प्रबोध बँकेत अकाउंटंट. कायद्याशी त्याचा संबंध आयकराच्या फॉर्मपुरता. आपल्याकडे साधा सातबारा काढायचा तर तलाठ्याच्या दाराशी चपला झिजतात. अमेरिकेचं सरकार मात्र कायद्याची कलमं, कोर्टाच्या तारखा, कैद्यांची यादीसुद्धा घरबसल्या वाचायला ठेवतं, हे त्याला कळलं मात्र आणि तो पेटला. आता तर तो असा बोलायचा, की वकिलानंच येऊन याचा सल्ला घ्यावा.

विनीता फारसं विचारायची नाही. सुरुवातीला एकदाच तिनं विचारलं होतं, की या कागदांत सगळ्यांची नावं छापतात का. दादाचं तर छापणारच, प्रबोध म्हणाला होता. वहिनीला लोकांची लाज वाटतेय हे ओळखून त्यानं लगेच विषय बदलला होता.

कोर्टाच्या आजच्या कागदांना एक ईमेल जोडलेली होती. जहाज बंदराला लागण्याआधी चार दिवस कुणीतरी तपासनिसांना पाठवलेली. खबर देणाऱ्याचं नाव काळ्या पट्टीनं झाकलं होतं.

प्रबोधनं ती मराठी करत मोठ्यानं वाचली. पाइप कुठे आहे, कधी जोडतात, कधी काढून लपवतात. आणि शेवटी, ‘चीफ इंजिनिअरला विचारा. तो भला माणूस आहे. त्याला हे पसंत नाही, त्याला झोप लागत नाही, पण नोकरीसाठी घाबरतो. तुम्ही विचारलंत तर तो खरं सांगेल.’

“भला माणूस म्हणे,” प्रबोध म्हणाला. “गळ्यात फास अडकवायचा आणि वर पाठ थोपटायची. दादाला झोप लागत नाही हे जहाजावरच्याशिवाय कुणाला ठाऊक? हा दीपेशच.”

दीपेश त्याच जहाजावरचा थर्ड इंजिनिअर, पंचवीस वर्षांचा, नागपूरचा. जहाज सिंगापूरला थांबलं की विनीता लाँचनं डबे घेऊन जायची, तेव्हा तिच्या हातची थालीपिठं त्यानंही खाल्ली होती. तपासनिसांना त्यानं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं आणि महिन्याच्या आत तो घरी पोचला. प्रबोधला आणखी पुरावा नको होता. जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या नऊ कंपन्यांना त्यानं पत्र तयार केलं होतं. त्या पोराला पुन्हा कुठल्याच जहाजावर पाय ठेवता येऊ नये, असं पत्र. दादासाठी आपल्याला काहीच करता येत नाही हे त्याला आतून खात होतं, आणि राग काढायला कुणीतरी हवं होतं.

विनीतानंच ते पत्र दोन रविवार अडवून धरलं होतं. खात्री झाल्याशिवाय कुणाच्या पोटावर पाय देऊ नका, म्हणाली होती.

“आता खात्री झाली,” प्रबोध म्हणाला. “आज पाठवतो.”

“भाऊजी, ह्यांनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर?”

प्रबोधनं मान वर केली. मग कॅप्टनला आणि कंपनीला धरलं असतं, तो म्हणाला, आणि दादा साक्ष देऊन केव्हाच घरी आला असता. पण असा पाइप आपण पाहिलाच नाही, असं दादानं लिहून दिलं होतं.

“पाच वर्षं होऊ शकतात, वहिनी. पाइपसाठी नाही. खोटं बोलल्याबद्दल.”

“आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते हो,” विनीता म्हणाली. तिला रडू फुटलं. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, “त्या मुलाचं पत्र नका पाठवू. हात जोडते तुम्हाला.” आणि आत जाऊन तिनं नळ सोडला.

वहिनीचा जीव फार मऊ, असं मनाशी म्हणत प्रबोधनं पत्र उघडलं. पुरावा म्हणून त्याला ती ईमेल खाली जोडायची होती. दुसऱ्याच्या कागदावर तो कधी विसंबायचा नाही. बँकेतली सवय, आकडा असो की मजकूर, आधी आपल्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचा. त्यानं ईमेलचा मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत उचलला आणि आपल्या पत्राखाली चिकटवला.

अक्षरं आली, पट्टीखालचीसुद्धा. काळी पट्टी कोर्टाच्या पानावरच राहिली होती.

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. प्रबोधनं शेवटची ओळ वाचली, आणि मग पुन्हा एकदा वाचली.

‘आपली विश्वासू, सौ. विनीता चारुदत्त फाटक, यिशुन, सिंगापूर.’