सुभेदारांच्या दगडावरची ओळ

मसुदा पहिला.

सुभेदार साहेबराव. जन्म १९२१. फौजेत चोवीस वर्षं. १९६२ला बर्फात लढले. मृत्यू १९७६.

खाली एक ओळ मोकळी. तीच अडली होती.

बद्रीनाथ गुरुजींनी कागद पारावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं. कचरू पाथरवट शेजारी बिडी ओढत बसला होता. नदीकाठी उभा करायचा काळा दगड त्यानं घासून तयार ठेवला होता.

"जन्म आन् मरण तर कुणाचंबी असतंय, गुरुजी," कचरू म्हणाला. "माणूस कसा व्हता ते लिवा."

गुरुजींना तेच लिहायचं होतं. पण सुभेदारांच्या बायकोनं, प्रभावतीबाईंनी, होकार देताना एक अट घातली होती. "एक अक्षर खोटं नको. खोटं असलं तर दगडच नको."

म्हणून गुरुजी सकाळपासून गावाला विचारत फिरले होते. वहीत त्यांनी जसं ऐकलं तसं उतरवलं.

•

काकासाहेब, सरपंच.

"त्या साली गोदावरी चढली ना, त्याच्या चार दिस आधी सुभेदार माझ्या दारात आल्ते. म्हणाले, सरपंच, टिटवीनं औंदा अंडी पार टेकाडावर घातली. खालची घरं हलवा. मी हसलो. पण हलवली. पाचव्या दिवशी माझ्या चुलत्याच्या छपरावरून पाणी चाललं व्हतं. एक जीव गेला न्हाई. अशी नजर मी दुसऱ्या माणसाला पाह्यली न्हाई. लई मोकळ्या हवेचा माणूस. इतकी वर्षं माझ्याकडं आले, पण ओसरीवर कधी चढले न्हाईत. लिंबाखाली बसायचे. म्हणायचे, हितं हवा बरी."

•

दुर्गाबाई, सरपंचांची शेजारीण.

"माझी म्हैस हरपल्ती. सुभेदार खाली बसले, मातीवर बोटं फिरवली. म्हणाले, काल दुपारी गेली, डाव्या पायानं लंगडून राह्यली. शहागडच्या अंगाला चालत गेले आन् घेऊन आले. डावाच पाय, गुरुजी! मी चहा दिला तर अंगणात उभ्यानं पिले. सोताच्या मगात. फौजेचा मग पिशवीत असायचाच. पिऊन सोता विसळला. आमच्या मालकाला म्हणलं, शिका जरा. इथं ताट उचलायचं तर कंबर दुखती."

•

कचरू. (बिडी विझवून.)

"सरपंचाच्या लेकीच्या लग्नात गारा पडल्या. लिंबाएवढ्या. सारी पंगत उठून घरात पळाली. मी खिडकीतून पाहून राह्यल्तो. सुभेदार एकटे बाहेर उभे. डोक्यावर गोणपाट, मान ताठ. घंटाभर. हालले न्हाईत. असं आभाळाला तोंड देऊन उभं राहायचं म्हंजे काय खाऊ हाये का?"

•

गुरुजींची स्वतःची आठवण.

एकदा सुभेदारांना शाळेत बोलावलं होतं. त्यांची आवड माहीत असल्यानं गुरुजींनी खुर्ची आपण होऊन चिंचेखाली मांडली. सुभेदारांनी डोळे मिटले. नुसत्या आवाजावरून अकरा पक्षी सांगितले. बारावा आवाज आला तेव्हा ते थांबले, म्हणाले, हा माझ्या ओळखीचा नाही. एरवी फळ्याकडं पाठ करून बसणारी पोरं दोन तास जागची हलली नाहीत.

•

मसुदा दुसरा.

निसर्गाचे मित्र.

खोडलं. असं कुणालाही लिहितात.

मसुदा तिसरा.

छपराखाली न मावलेला माणूस.

कचरूनं दोनदा वाचून घेतलं. "ही बराबर. बघा, काटा आला अंगावर."

गुरुजींच्याही आला होता.

•

बौद्धवाड्यातलं तिसरं घर. सुभेदार असताना गुरुजी इथं चार वेळा आले होते, ओट्यापर्यंत. काम सांगून लगेच निघाले होते.

"आत या, गुरुजी," प्रभावतीबाई म्हणाल्या.

गुरुजी दारात घुटमळले. मग चौकट लागू नये म्हणून मान वाकवून आत गेले. बाईंनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. गुरुजींनी तांब्या हातात धरून ठेवला, मग प्याले. कागद काढून सगळा मजकूर वाचला. शेवटची ओळ त्यांनी जरा सावकाश वाचली.

बाईंनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"आवडली नाही का?"

"शेवटचं काय म्हणला ते पुन्यांदा वाचा."

"छपराखाली न मावलेला माणूस."

प्रभावतीबाई उठल्या. मधलं दार ढकललं. पलीकडची खोली भरदुपारी काळोखी होती. डोळे सरावल्यावर गुरुजींना कोपऱ्यातला पलंग दिसला. त्याच्यावरची एकुलती एक खिडकी विटा आणि चिखलानं गच्च लिंपलेली होती.

"ही त्यायची जागा," बाई म्हणाल्या. "खिडकी त्यायनीच बुजवली."

"उन्हाळ्यातही इथंच?"

"बारा म्हैने. तिकडं बर्फात तीन दिस उघड्यावर पडून व्हते. संगतीचे सारे गेले. तवापासून वर आभाळ दिसलं की छाती धडधडायची. गावात जाऊन आले की आंग वलंचिंब असायचं. हितं येऊन दार लावायचे, मंग कुठं बोलायचे."

गुरुजींनी खिडकीच्या विटांकडं पाहिलं. एकेक वीट ओळंब्यात बसवलेली होती.

"पण बाई, गावात कुणाकडंही आले तरी ते बाहेरच बसायचे. नेहमी."

प्रभावतीबाईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि परत दिला.

"तुमच्यातलं कुणी कधी आत या म्हणलं व्हतं का, गुरुजी?"